ओईआयएस : सोडवलेल्या गणितातून न सोडवलेल्या गणिताकडे जाताना

पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणाबरोबर दोन गोष्टी फुकट मिळतात. उत्तर आहे याची खात्री असते, आणि ते कुठल्या हत्याराने निघेल हेही कळतं, कारण उदाहरण कुठल्या प्रकरणाखाली छापलंय ते दिसतंच. नव्या प्रश्नाबरोबर यातलं काहीच येत नाही. म्हणून एम.एस्सी.ला उत्तम गुण मिळवलेली, ऑलिंपियाडचे पेपर सोडवलेली मुलंही ‘आता तुमचा स्वतःचा एक प्रश्न मांडा’ म्हटलं की अडतात. प्रश्न घडवायचा कसा, आणि तो आधीच कुणी सोडवलाय का हे पाहायचं कसं, याचा सराव अभ्यासक्रमात कुठेच नसतो.

यातल्या दुसऱ्या कामासाठी ‘ऑनलाइन एन्सायक्लोपीडिया ऑफ इंटिजर सिक्वेन्सेस’, म्हणजे ओईआयएस, याच्या तोडीचं साधन नाही. पूर्णांकांच्या क्रमिकांचा हा कोश पूर्णपणे मोफत आहे आणि नुसतं शोधायला खातंही लागत नाही. पहिल्या कामासाठी, म्हणजे प्रश्न घडवायला, तो उपयोगी आहे, पण चुकीच्या वेळी उघडला तर नुकसानच करतो. या परीक्षणाचा भर ती वेळ कुठली यावर आहे.

थोडी पार्श्वभूमी. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये कॉर्नेलला पीएच.डी. करताना क्रमिका कार्डांवर टिपायला सुरुवात केली. त्यांना ‘झाडां’च्या (म्हणजे बिंदू आणि रेषांच्या फांद्या फुटणाऱ्या आकृत्यांच्या) उंचीच्या मोजणीतून ०, १, ८, ७८, ९४४, १३८०० अशी क्रमिका मिळाली होती आणि ती कुठेच सापडेना. १९७३ च्या छापील पुस्तकात २३७२ क्रमिका होत्या, १९९५ च्या आवृत्तीत ५४८८. १९९६ मध्ये सगळं जालावर आलं. आज साडेतीन लाखांहून जास्त नोंदी आहेत आणि प्रत्येकीला ‘ए’ (A) अक्षराने सुरू होणारा सहा अंकी क्रमांक आहे. म्हणजे कोशाचा जन्मच ‘हे आधी कुणाला भेटलंय का?’ या प्रश्नातून झाला, आणि त्याच प्रश्नाला तो सर्वांत चांगलं उत्तर देतो.

नोंद कशी असते ते ए००३०५२ वर पाहावं. शीर्षकात या संख्यांना ‘सेल्फ’ किंवा ‘कोलंबियन’ म्हटलंय. मराठी वाचकाला त्या स्वयंभू किंवा देवळाली संख्या म्हणून ठाऊक आहेत. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या त्या. कोलंबियन हे नाव १९७३ मध्ये कोलंबियाच्या बर्नार्डो रेकामान यांनी एका मासिकात हाच प्रश्न विचारल्यामुळे पडलं, कापरेकरांनी त्या त्याआधीच मांडल्या होत्या. व्याख्या सोपी आहे : कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवा. १५ पासून १५ + ६ = २१ मिळते. जी संख्या अशा रीतीने कुणापासूनच मिळत नाही ती स्वयंभू. यादी : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८, ११०… शीर्षकाखाली पदं, मग टिपा, संदर्भ, सूत्रं, उदाहरणं, संगणकाचे प्रोग्रॅम आणि शेवटी संबंधित क्रमिकांचे क्रमांक. नवखा माणूस पदं पाहून परत फिरतो. खरा माल टिपांत आणि संबंधित क्रमांकांत असतो. कुठलं विधान सिद्ध झालंय आणि कुठलं नुसती अटकळ आहे, हे तिथेच कळतं.

आता एक प्रश्न घडवून बघू. ठाऊक असलेल्या गणितातली एकच गोष्ट बदलायची, दोन नाही. दोन बदलल्या की बिघडलं कशामुळे ते समजत नाही. इथे अंकांच्या बेरजेऐवजी अंकांच्या वर्गांची बेरीज घेऊ. १५ पासून आता १५ + १ + २५ = ४१ मिळेल. कुठल्या संख्या कुणापासूनच मिळत नाहीत?

पहिली पायरी कागदावर. ० ते ४० या प्रत्येक संख्येपासून काय मिळतं ते लिहून काढा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते टाळू नये, कारण पुढची कल्पना याच तक्त्यातून सुचते. न मिळणाऱ्या संख्या अशा येतात : १, ३, ४, ५, ७, ८, ९, १०, १४, १५, १६, १८, १९, २१, २२, २५, २७, २८, २९, ३२, ३३, ३४, ३५, ३७, ३८, ४०. चाळीसपैकी सव्वीस.

दुसरी पायरी प्रोग्रॅमची. पायथन किंवा पारी/जीपी, काहीही चालेल, पाच-सहा ओळी पुरतात. इथे एक चूक हमखास होते : ० ते १००० पर्यंतच्या संख्यांपासून मिळणारी यादी बनवायची आणि मग २००० पर्यंत ‘न मिळणाऱ्या’ संख्या छापायच्या. हजारापुढच्या बऱ्याचशा संख्या खोट्याच न मिळणाऱ्या ठरतात. जिथवर छापायचं तिथवरची प्रत्येक सुरुवातीची संख्या तपासलीच पाहिजे. त्याहून जास्त तपासायची गरज नाही, कारण मिळणारी संख्या सुरुवातीच्या संख्येपेक्षा लहान कधीच नसते. प्रोग्रॅमची पहिली सव्वीस पदं हाताच्या यादीशी जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरी पायरी म्हणजे कोश. आणि इथेच पहिला सापळा आहे. समजा न मिळणाऱ्या संख्यांऐवजी ०, १, २… पासून मिळणाऱ्या किमतीच त्या क्रमाने टाकल्या : ०, २, ६, १२, २०, ३०, ४२, ५६, ७२, ९०. कोश लगेच ए००२३७८ समोर ठेवतो : लगतच्या दोन संख्यांचे गुणाकार, ०×१, १×२, २×३… दहाच्या दहा पदं जुळतात आणि उत्तर साफ चूक असतं. एक अंकी संख्येत तिचा वर्ग मिळवला की लगतच्या दोन संख्यांचा गुणाकार येणारच. अकराव्या पदाला आपल्याकडे ११ आहे, त्या क्रमिकेत ११०. पदं जुळली म्हणजे दोन क्रमिका एकच आहेत, असं कोश कधीच म्हणत नाही. ते आपण मनात म्हणतो.

याचा दुसरा, जास्त नाजूक नमुना कापरेकर संख्यांचाच आहे. संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज त्याच संख्येएवढी यायला हवी : ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. कोशात याच्या दोन नोंदी आहेत, ए००६८८६ आणि ए०५३८१६. पहिली दहा पदं दोन्हीकडे एकच : १, ९, ४५, ५५, ९९, २९७, ७०३, ९९९, २२२३, २७२८. अकरावं पद पहिलीत ४८७९, दुसरीत ४९५०. कारण ४८७९ चा वर्ग २३८०४६४१ आणि तो २३८ + ०४६४१ असा तोडावा लागतो, म्हणजे उजवा तुकडा चारऐवजी पाच अंकी होतो. एक व्याख्या हे चालवून घेते, दुसरी नाही. ५२९२ चंही तसंच (२८ + ००५२६४). आपली व्याख्या अक्षरशः कुठली होती हे आधी लिहून ठेवलेलं नसेल तर इथे गोंधळ ठरलेला.

शोधण्याचे बारकावे : सहा ते आठ पदं पुरतात. पहिली एक-दोन वगळावीत, कारण क्रमिका ० पासून सुरू करायची की १ पासून यावर लोकांचं एकमत नसतं. उणे चिन्हं गाळावीत. स्वल्पविराम दिला की पदं सलग शोधली जातात, नुसती मोकळी जागा सोडली की कुठल्याही क्रमाने. भारंभार पदं टाकू नयेत : नोंदीच्या मुख्य यादीत साधारण २६० अक्षरांइतकीच पदं असतात, आपण त्यापुढे गेलो तर असलेली क्रमिकाही सापडत नाही. आणि सुरुवातीचा सपाट भाग सोडून ओळखू येईल असा तुकडा घ्यावा. आपल्या यादीतून १, ३, ४, ५, ७, ८ टाकण्यापेक्षा १४, १५, १६, १८, १९, २१, २२, २५ टाकणं शहाणपणाचं. अंक इंग्रजीच (1, 2, 3) टाइप करावेत.

ही यादी कोशात आहे की नाही, ते इथे मुद्दाम सांगत नाही. त्याआधी करायचं एक काम शिल्लक आहे. शोधण्याआधी एक तरी विधान सिद्ध करून ठेवायचं, कितीही किरकोळ असो. नोंद सापडली तरी ते विधान आपलंच राहतं, आणि नोंद वाचताना ती कुठवर पोचलीय हे मोजायला पट्टी मिळते. आधीच शोधलं तर दुसऱ्याच्या टिपा वाचून डोकं तिकडेच वळतं. कोश लवकर उघडण्याचं नुकसान ते हेच.

विधान असं : न मिळणाऱ्या संख्या अनंत आहेत. हाताने केलेला तक्ता पाहा. ५ पासून ५ + २५ = ३० मिळते आणि २२ पासूनही २२ + ८ = ३०. तसंच १५ आणि ३१, दोघांपासून ४१. आता यांच्या डावीकडे हवे ते अंक लावा. ७०५ आणि ७२२ घ्या : डावीकडचा ७ दोघांतही सारखीच भर घालतो, त्यामुळे दोघांपासून ७७९ च मिळते. म्हणजे प्रत्येक शंभराच्या गठ्ठ्यात निदान दोन टकरी आहेत. १०० संख्यांपासून जास्तीत जास्त ९८ वेगळ्या किमती निघतात. शून्यापासून असे हजार गठ्ठे घेतले तर एक लाख संख्यांपासून जास्तीत जास्त ९८,००० किमती. लाखाखालची संख्या लाखाखालच्याच संख्येपासून मिळू शकते. तेव्हा लाखाखालच्या निदान २००० संख्या कुणापासूनच मिळत नाहीत. हजाराऐवजी कितीही गठ्ठे घ्या, दोन टक्के कायम. झालं.

सिद्धतेत शाळेपलीकडचं काही नाही, पण ती कुठल्या प्रकरणाखाली छापलेली नव्हती. आणि ती लगेच पुढचे प्रश्न देते. दोन टक्के सिद्ध झाले. पहिल्या चाळिसांत प्रमाण ६५ टक्के दिसतं. (तो आकडा फसवा आहे, सुरुवातीला टप्पे मोठे पडतात.) खरं प्रमाण यांच्यामध्ये कुठेतरी. शेवटच्या दोन अंकांत आणखी किती टकरी आहेत ते मोजून दोनाचे किती करता येतात? तीन अंक घेतले तर?

हीच युक्ती आता मूळ स्वयंभू संख्यांवर उलटी लावून बघा. शेवटच्या दोन अंकांत एकही टक्कर सापडत नाही : दशकाचा अंक १ ने वाढला की किंमत ११ ने वाढते, एककाचा वाढला की २ ने, आणि हा हिशोब जुळवायला एककाचा अंक ११ ने हलवावा लागेल, जे अशक्य. तीन अंकांवर गेलं की दार उघडतं. शतकाच्या अंकाला १०१, दशकाला ११, एककाला २. शतक १ ने वाढवा, दशक ९ चं ० करा, एकक १ ने कमी करा : १०१ − ९९ − २ = ०. ९१ आणि १०० ही त्यातली पहिली जोडी, दोघांपासून १०१. २९२ आणि ३०१ ही आणखी एक, दोघांपासून ३०५. शतकाचा अंक ० ते ८, एकक १ ते ९, म्हणजे हजारात ८१ जोड्या, एकमेकींत न मिसळणाऱ्या. तेव्हा स्वयंभू संख्यांचं प्रमाण निदान ८.१ टक्के. प्रत्यक्ष मोजणी दहा टक्क्यांच्या जराशी खाली थांबते, म्हणजे कागदाच्या एका बाजूवर बसणाऱ्या सिद्धतेने बहुतेक वाट चालून झाली. स्वयंभू संख्या अनंत आहेत हे दाखवायची पुस्तकी रीत वेगळी आहे : ९ पासून सुरू करून ९७, ९०५, ८९१३ अशी साखळी बनवतात (८० + ९ + ८, ८०० + ९७ + ८, ८००० + ९०५ + ८). ती सुंदर आहे, पण ती प्रमाणाबद्दल अवाक्षर काढत नाही. बदललेल्या प्रश्नासाठी शोधलेली रीत जुन्या प्रश्नावर जास्त सांगून गेली.

आता कोश उघडा, आणि या वेळी नोंद नीट वाचा. ए००६०६४ पर्यंत जा. कापरेकरांनी अशा टकरींना जंक्शन म्हटलं. दोन संख्यांपासून मिळणारी सर्वांत लहान संख्या १०१. तीन संख्यांपासून मिळणारी सर्वांत लहान म्हणजे १० चा १३वा घात अधिक १, हेही त्यांनीच दिलं. चारांसाठी त्यांची अटकळ होती १० चा २४वा घात अधिक १०२. पाचांसाठी १९६६ मध्ये नरसिंग राव यांनी जी वरची मर्यादा दिली, तिच्यातले नुसते अंकच एक लाख अकरा हजार कोटींच्या वर आहेत. २०२१ मध्ये मॅक्स अलेक्सेयेव आणि खुद्द स्लोन यांनी अशा संख्या काढायची पुनरावृत्ती सूत्रं मांडली, कुठल्याही पायासाठी चालणारी, आणि या अटकळी बरोबर असल्याचं त्यातून निघालं. देवळालीच्या मास्तरांचा प्रश्न सुमारे साठ वर्षं खुला होता, आणि तो समजायला बेरीज-वजाबाकी पुरते. आपल्या वर्गांच्या प्रश्नात जंक्शनं कशी असतील, तीन संख्यांची पहिली टक्कर कुठे, हे विचारायला आता परवानगी लागत नाही.

न सोडवलेले प्रश्न शोधायचे असतील तर कोशातले कीवर्ड वापरावेत. ‘मोअर’ म्हणजे आणखी पदं हवीत, ‘हार्ड’ म्हणजे पुढचं पद काढणं अवघड. नवख्याने ‘मोअर’ असलेली पण ‘हार्ड’ नसलेली नोंद निवडावी. तिथे चांगला प्रोग्रॅम लिहून एक-दोन पदं वाढवणं हे खरं, मोजता येणारं योगदान आहे. ‘हार्ड’चा अर्थ ए२५०००१ वर कळतो : पानावर वर्तुळं किती वेगवेगळ्या प्रकारे मांडता येतात? १, १, ३, १४, १७३, १६९५१, पाच वर्तुळांपर्यंत एवढंच. मांडायला सोपे ते सोडवायला सोपे, असं समजून काही लोक रेकामान यांच्या दुसऱ्या क्रमिकेवर (ए००५१३२) वर्ष घालवतात. ०, १, ३, ६, २, ७, १३, २०, १२… पहिल्या पावलाला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३ असं सरकायचं : शून्याहून मोठी, आधी न आलेली संख्या मिळत असेल तर मागे, नाहीतर पुढे. प्रत्येक संख्या कधी ना कधी येते का? १० च्या २३०व्या घाताइतकी पदं पाहूनही ८५२६५५ आलेली नाही. पहिल्या प्रश्नासाठी ही जागा नव्हे.

स्वतःची क्रमिका द्यायची तर खरं नाव देऊन खातं काढावं लागतं. निदान चार पदं हवीत, पण चारावर कुणी समाधानी होत नाही. नवख्यांना एका वेळी तीनच मसुदे विचारार्थ ठेवता येतात. संपादक स्वयंसेवक आहेत, त्यांच्या सूचना मसुद्याखालच्या गुलाबी चौकटीत येतात, आणि त्या कोरड्या असतात : व्याख्या संदिग्ध आहे, सुरुवातीचा निर्देशांक चुकलाय, हे सूत्र सिद्ध आहे की अटकळ? राग मानू नये. ‘सिद्ध की अटकळ’ हा प्रश्न कुठल्याही महाविद्यालयात इतक्या नियमाने विचारला जात नाही. मसुदा अडतो तो बहुतेक वेळा शीर्षकामुळे. एका वाक्यात, चिन्हं न वापरता व्याख्या सांगता येत नसेल तर प्रश्न अजून पिकलेला नाही असं समजावं. दुसरी अडचण मनमानीची : ‘ज्या मूळ संख्यांच्या अंकांची बेरीज ७ ने भागली जाते आणि ज्यात ३ येतो’ असल्या क्रमिका कितीही बनवता येतात, आणि ‘का?’ या प्रश्नाला उत्तर नसेल तर त्या नाकारल्या जातात. वर्गांच्या क्रमिकेला ते उत्तर आहे : दोन टक्क्यांची सिद्धता.

खटकणाऱ्या गोष्टी. रूप जुनाट आहे, फोनवर लांब ओळी वाचताना डोळे शिणतात. स्वागताचं पान मराठीतही आहे, आतलं सगळं इंग्रजीत. दशमान पायावर अवलंबून असलेल्या प्रत्येक क्रमिकेला ‘बेस’ असा शिक्का बसतो, आणि असल्या क्रमिकांकडे पाहण्याची गणितज्ञांची नजर जरा थंडच असते. कापरेकरांच्या बहुतेक संख्या त्या शिक्क्याखाली येतात. त्यावर उपाय आहे : पाया बदलून बघा. दोनाच्या पायात अंक ० आणि १ च असल्यामुळे वर्गांची बेरीज आणि साधी बेरीज एकच होते, आपला प्रश्न तिथे जुन्या प्रश्नात विरघळतो. तीनाच्या पायात तो पहिल्यांदा वेगळा होतो. ‘सगळ्या पायांसाठी काय खरं?’ असं विचारलं की तो शिक्का पुसला जातो.

भूमितीचे किंवा विश्लेषणाचे प्रश्न घेऊन येणाऱ्याला इथे थेट फार काही मिळणार नाही. मोजणी करता आली तरच दार उघडतं : आकृतीचे भाग किती, मांडण्या किती. वर्तुळावर बिंदू घेऊन सगळ्या जीवा काढल्या तर भाग पडतात १, २, ४, ८, १६, आणि मग जास्तीत जास्त ३१. हे ए०००१२७ आहे, आणि पाच पदांवर ‘दुप्पट होतंय’ म्हणून थांबणाऱ्यासाठी सहावं पद हाताने, काटेकोर आकृती काढून मोजणं हा चांगला पहिला गृहपाठ. बिंदू समान अंतरावर घेऊ नयेत. सहा बिंदूंचा नियमित षटकोन केला तर तीन मोठ्या जीवा मध्यात एकाच ठिकाणी छेदतात, मधला एक भाग नाहीसा होतो आणि मोजणी ३० येते.